गाव हरवलं, पण शोधणारा कुठे आहे?

एका सकाळी गावातली सगळी माणसं घराबाहेर पडतात. सगळी म्हणजे ५७२. पैसे, कपडे, घरंदारं आहेत तिथे टाकून ती एका डोंगरवाटेनं जंगलात शिरतात. पुढे त्यांतल्या सुमारे तीनशे जणांची प्रेतं सापडतात, काही थंडीनं गोठलेली, काही निर्दयपणे मारलेली. उरलेल्यांचा पत्ता कधीच लागत नाही. जंगलाच्या तोंडाशी एका दगडावर एवढाच शब्द कोरलेला असतो : ‘यलोब्रिकरोड’. साल १९४०, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं फ्रायर नावाचं काल्पनिक गाव. जेसी हॉलंड आणि अँडी मिटन यांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या २०१०च्या ‘यलोब्रिकरोड’ या चित्रपटाचं बीज हे असं आहे. भयपटाला इतकं मोठं बीज क्वचित मिळतं. ते हाती असूनही चित्रपट शेवटी इतका रिता का वाटतो, याचा विचार करावासा वाटतो, कारण त्याचं उत्तर एका चित्रपटापुरतं नाही.

पैसा कमी पडला, हे उत्तर सगळ्यात आधी बाजूला ठेवायला हवं. चित्रपट अगदी थोड्या खर्चात झाला आहे, पण त्यातलं जे सर्वांत भेदक आहे ते त्या तुटपुंज्या साधनांतूनच आलं आहे. त्या वाटेचा सरकारी कागदांत दडलेला ठावठिकाणा अनेक वर्षांनी खुला होतो आणि टेडी आणि मेलिसा हे लेखक जोडपं काही जाणकारांना घेऊन तिथे निघतं. नकाशे काढणारे भाऊबहीण सोबत आहेत, जंगल ओळखणारा एक जण आहे, रोज प्रत्येकाची मनःस्थिती तपासून नोंदवणारा मानसशास्त्रज्ञ आहे. चालता चालता झाडीतून १९३०च्या दशकातलं नाचाचं संगीत ऐकू येऊ लागतं. वाजवणारा कोणी नाही. आधी ते कानाला गोड लागतं, मग थांबत नाही म्हणून खुपतं, मग इतकं चढतं की माणसं जमिनीवर लोळण घेतात. दिशा दाखवणारी यंत्रं भलत्याच देशांची नावं सांगू लागतात. पडद्यावर दिसतात ती फक्त झाडं, ऊन आणि घाबरत चाललेले चेहरे. एवढ्याशा सामग्रीत एवढी दहशत उभी करणं हे खऱ्या कसबाचं काम आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. १९९९च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नं तर याहून कमी सामग्रीत जगभरचे प्रेक्षक हादरवले होते.

मग एका सापडलेल्या टोपीवरून भाऊ बहिणीचा जीव घेतो. त्या क्षणी प्रेक्षक म्हणून मी हादरलो, आणि तिथूनच चित्रपट माझ्या हातून सुटत गेला. पुढचा सगळा वेळ ही माणसं एकमेकांना कशी संपवतात यात जातो. टेडी एकटा चालत राहतो आणि वाटेच्या शेवटी एका चित्रपटगृहात पोहोचतो, तिथे पडदा त्याची वाट पाहत असतो. या शेवटावर अनेक प्रेक्षक चिडले ते काहीच उलगडलं नाही म्हणून. मला खटकलं ते वेगळंच. दिवे लागले तेव्हा त्या ५७२ जणांपैकी एकाचाही चेहरा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. जे गूढ दाखवायला मला बोलावलं होतं, त्यातली माणसंच गूढातून वगळली गेली होती.

दगडावर कोरलेला शब्द अमेरिकेच्या इतिहासातली एक खरी गोष्ट आठवायला लावतो. १५८७ साली शंभरावर इंग्रज माणसं, त्यांत बायका आणि मुलंही, आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ रोआनोक बेटावर वस्ती करायला उतरली. त्यांचा गव्हर्नर जॉन व्हाइट. त्याच्या मुलीला तिथेच १८ ऑगस्टला मुलगी झाली, व्हर्जिनिया डेअर, अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल. थोड्याच दिवसांत धान्य आणि मदत आणायला व्हाइटला इंग्लंडला परतावं लागलं. तिथे स्पेनशी युद्ध पेटलेलं होतं आणि १५८८च्या आरमारी संकटात जहाजं अडकवून ठेवलेली होती. तो परत आला तेव्हा १५९० उजाडलं होतं, आणि योगायोग असा की तो दिवस नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाचा होता. वस्तीत कोणी नव्हतं. एका खांबावर ‘क्रोएटोअन’ हे जवळच्या बेटाचं नाव कोरलेलं होतं. जागा बदलली तर नव्या जागेचं नाव कोरायचं आणि संकटात असाल तर सोबत क्रूस कोरायचा, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. क्रूस नव्हता. व्हाइटला त्या बेटाकडे जायचं होतं, पण वादळानं जहाज तिकडे वळू दिलं नाही. तो इंग्लंडला परतला आणि लेक-नात त्याला पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

ही गोष्ट चारशे वर्षं जिवंत राहिली ती कोरलेल्या अक्षरांमुळे, असं सर्रास मानलं जातं. मला ती जॉन व्हाइटमुळे जिवंत वाटते. अक्षरं वाचणारा कोणीतरी तिथे आहे, त्याला त्यांचा अर्थ माहीत आहे, आणि तरी तो पोहोचू शकत नाही. हॉलंड आणि मिटन यांनी रोआनोकसारखा कोरलेला शब्द घेतला, ओस पडलेली घरं घेतली, आजोबा मात्र घेतला नाही. त्यांच्या जंगलात शिरणारी माणसं पुस्तक लिहायला आणि नकाशा काढायला निघाली आहेत. कुतूहल असलेला माणूस जंगलातून माघारी फिरू शकतो. ज्याची नात आत आहे तो फिरू शकत नाही. या एका फरकावर भयपटाचं सगळं वजन तोललेलं असतं.

उत्तर न देणं हा दोष नाही, हे सांगायला पीटर वीअरचा १९७५चा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ पुरेसा आहे. १९००च्या व्हॅलेंटाइन दिवशी ऑस्ट्रेलियातल्या एका खडकाळ टेकडीवर शाळेच्या सहलीतल्या काही मुली आणि एक शिक्षिका नाहीशा होतात. एक मुलगी सापडते, तिला काही आठवत नाही, बाकीच्यांचं काय झालं ते चित्रपट सांगत नाही. पण मागे राहिलेली शाळा कशी उसवत जाते, हे तो इतक्या बारकाईनं दाखवतो की न मिळालेलं उत्तर दुःखासारखं आपल्यापाशी राहतं. ज्या कादंबरीवरून तो केला तिच्या लेखिकेनं, जोन लिंडसे यांनी, उलगड्याचं एक प्रकरण लिहिलेलं होतं. १९६७ला कादंबरी छापताना ते काढून टाकलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली, वेगळं प्रसिद्ध झालं. म्हणजे लेखिकेपाशी उत्तर होतं, वाचकाला ते दिलं नाही इतकंच. ‘यलोब्रिकरोड’ पाहताना उत्तर राखून ठेवल्यासारखं वाटत नाही. ते शोधायची वेळ आली तेव्हा कॅमेरा दुसरीकडे वळला, असं वाटत राहतं.

शोधायला तर कितीतरी होतं. साल १९४०च का? चित्रपट सुचवतो की फ्रायरचे लोक गावातल्या थिएटरात ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ पुन्हा पुन्हा पाहत होते. तो आदल्याच वर्षी, १९३९ला आला होता, आणि त्यात पिवळ्या विटांचा रस्ता रंगात झळकत होता. त्या रंगीत रस्त्याकडे टक लावून बसलेल्या माणसांचं बाहेरचं जग कसं होतं? न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरातल्या ॲमॉस्केग कंपनीच्या प्रचंड कापड गिरण्या १९३५-३६मध्ये कायमच्या बंद पडल्या होत्या. सप्टेंबर १९३८च्या चक्रीवादळानं न्यू इंग्लंडमध्ये शेकडो माणसं मेली आणि जंगलंच्या जंगलं आडवी झाली. आणि सप्टेंबर १९४०मध्ये अमेरिकेत शांततेच्या काळातला पहिला सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. वीस-पंचवीस वर्षांचा एखादा मुलगा, बंद गिरणीतून घरी बसलेला त्याचा बाप, वादळात छप्पर गेलेली एक म्हातारी : ही माणसं एका सकाळी पैसे तिथेच टाकून चालू लागतात, कारण पैशानं काही विकत घ्यायचं उरलंच नाही असं त्यांना वाटतं. हे भय खरं आहे. गिरणी बंद पडल्यावर घर कसं गप्प होतं हे लालबाग-परळमध्ये वाढलेल्यांना सांगावं लागणार नाही. चित्रपटानं हे सगळं दारापर्यंत आणलं आणि दार उघडलंच नाही.

म्हणून ‘कमी खर्चात जमलं नाही’ हा निकाल मला अन्यायाचा वाटतो, कारण त्यानं दिग्दर्शक फार सहज सुटतात. एका म्हातारीची खोली, खुंटीवर राहिलेला कोट, टेबलावरचे पैसे, आणि सत्तर वर्षांनी ते शोधत आलेला तिचा एखादा नातू दाखवायला पैसा लागत नाही. त्या माणसांकडे आधी माणसं म्हणून पाहावं लागतं. गाव हरवलं म्हणजे त्या सगळ्यांची आठवण काढणारेही त्यांच्याबरोबरच गेले. असं गाव कथेत आणणाऱ्यानं ती आठवण काढायचं काम स्वतःकडे घ्यायला हवं.

अँडी मिटन यांनी पुढे एकट्यानं ‘द विच इन द विंडो’ (२०१८) हा चित्रपट केला. खर्च पुन्हा बेताचाच. व्हरमाँटमधलं एक जुनं घर दुरुस्त करणारा बाप आणि त्याच्याशी धड न बोलणारा बारा वर्षांचा मुलगा, एवढीच मुख्य माणसं. त्यात भूत आहे, आणि त्या भुतापेक्षा आपल्याला भीती वाटते ती त्या दोघांचं काय होईल याची. ‘यलोब्रिकरोड’ त्यातल्या संगीतासाठी टोपीच्या प्रसंगापर्यंत जरूर पाहा, आणि मग उरलेला वेळ या दुसऱ्या चित्रपटाला द्या.