अनुकृतीचा आस्वाद आणि नाममुद्रेचा प्रश्न

महागड्या स्विस घड्याळांच्या हुबेहूब नकला जाणूनबुजून विकत घेणे, मुळाशी त्यांची बारकाईने तुलना करणे आणि त्यांत रमणे हा छंद नीतिविचाराच्या दृष्टीने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. बनावट वस्तूंविषयीची नेहमीची चर्चा फसवणुकीच्या कल्पनेभोवती फिरते. येथे मात्र फसलेला कोणी दिसत नाही. विकणारा वस्तू नक्कल म्हणूनच विकतो, घेणाराही ती तशीच घेतो. (मुंबईच्या बाजारभाषेत अशा वस्तूला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, नकलेतही पहिलेपणाचा मान शोधणारा हा शब्दप्रयोग बोलका आहे.) ज्ञान आहे तेथे भ्रम नाही आणि भ्रम नाही तेथे दोषही नाही, असा या छांदिष्टाचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद वाटतो तितका उथळ नाही. भारतीय काव्यशास्त्रात त्याला एक प्रतिष्ठित पूर्वज सापडतो. रामाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी प्रेक्षकाला होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या प्रतीतींहून वेगळी असते, हे शंकुकाने चित्रतुरगाच्या दृष्टान्ताने सांगितले; अभिनवगुप्ताने खंडनासाठी का होईना, पण ते मत जपून ठेवले. भिंतीवरचा घोडा पाहून ‘हा घोडा’ म्हणणारा फसलेला नसतो आणि खोटेही बोलत नसतो. नकली घड्याळाच्या आस्वादाला हाच न्याय लावण्याचा मोह होतो. परंतु चित्रातला घोडा धावत नाही. हे घड्याळ चालते. त्यात स्प्रिंग आहे, दातेरी चाके आहेत, आणि ते वेळही बऱ्यापैकी बिनचूक दाखविते. घड्याळ म्हणून ते खरेच आहे. खोटी आहेत ती तबकडीवरची अक्षरे. नेल्सन गुडमनने 1968 साली ज्यांची बनावट संभवते अशा, म्हणजे चित्रासारख्या, कला आणि ज्यांची ती संभवत नाही अशा, म्हणजे संगीतरचनेसारख्या, कला असा भेद केला होता. आराखड्याबरहुकूम कितीही वेळा सिद्ध करता येणारे यंत्र म्हणून घड्याळ दुसऱ्या वर्गाच्या जवळ जाते. नावामुळे ते पहिल्या वर्गात येऊन पडते. म्हणजे चर्चा अनुकृतीची न राहता नाममुद्रेची होते.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. पेटंट सामान्यतः 20 वर्षांत संपते, तर व्यापारचिन्ह नूतनीकरण करीत राहिल्यास संपतच नाही. म्हणूनच ईटीए 2824 या स्विस यंत्राची रचना उचलून चीनमधील कारखाने स्वतःच्या नावाने यंत्रे बनवितात, आणि प्रसिद्ध घड्याळांची ठेवण घेऊन आपले नाव घालणारी घड्याळेही उघडपणे विकली जातात. छांदिष्टाला ती नको असतात. आपला आनंद घाटाचा आणि यंत्राचा आहे असे तो म्हणतो. पण घाट आणि यंत्र जवळजवळ तेच राहून केवळ नाव बदलले की त्याचा रस आटतो. आता नाव ही एकट्याने भोगण्याची वस्तू नव्हे. ते कोणीतरी वाचावे म्हणून लिहिलेले असते, आणि मनगटावरचे नाव वाचणारा तिऱ्हाईत विक्रेता-ग्राहकांमधील समजुतीत सहभागी नसतो. नटाला रंगमंचाची चौकट असते. हे घड्याळ कचेरीत, लग्नसमारंभात, आगगाडीच्या डब्यात चौकटीविना वावरते.

अर्थात मूळ नावही फारसे निष्पाप नाही. 1905 साली लंडनमध्ये व्यवसाय सुरू करणारा आणि 1908 साली ‘रोलेक्स’ हे नाव नोंदविणारा हान्स विल्सडॉर्फ घड्याळजी नव्हता, व्यापारी होता. यंत्रे बील येथील एग्लरच्या कारखान्यातून येत. ओदमार पिगेचे ‘रॉयल ओक’ (1972) आणि पातेक फिलिपचे ‘नॉटिलस’ (1976) या दोहोंचा घाट जेराल्ड जेंता या एकाच माणसाचा, आणि आरंभी दोहोंतील यंत्रे जेजे-लकूल्त्रच्या एकाच रचनेवर आधारलेली. यांपैकी एकही गोष्ट तबकडी सांगत नाही. 2017 पासून लागू झालेल्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असला की घड्याळ (अन्य अटींसह) ‘स्विस’ म्हणविता येते. हात आणि नाव यांची फारकत अस्सलातच झालेली आहे. यावरून नक्कल म्हणजे प्रतिष्ठेच्या ढोंगाविरुद्धचे बंड, असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. ज्याला नावावाचून चैन पडत नाही, तो त्या नावाचा भक्तच असतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे सालोमालोचे स्मरण होईल. तुकोबांच्या अभंगांना स्वतःची मुद्रा लावल्याचा ठपका परंपरेने त्याच्यावर ठेवला आहे. उलट, स्वतःच्या रचनेला ‘तुका’ ही मुद्रा लावणारे अनामिकही होऊन गेले. गाथेच्या संपादकांपुढे प्रक्षिप्तांचा प्रश्न उभा राहतो तो त्यांच्यामुळे. नकली घड्याळ घडविणारा कारागीर या दुसऱ्यांच्या पंक्तीत बसतो, मात्र त्याचे अनामिकपण भक्तीतून आलेले नाही. ती त्याच्या धंद्याची अट आहे. छांदिष्ट भिंगाखाली तारखेच्या आकड्यांची वळणे, पोलादाच्या कडांची धार, काट्यांची लांबी पाहतो. ही पाठचिकित्सकाची चिकाटी आहे आणि तिला रसिकता न म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाठचिकित्सकाला लेखनिकाच्या चुकीतून निदान लेखनिक तरी भेटतो. येथे घडविणाऱ्याचा हात जेथे दिसेल तेथे दोष मोजला जातो आणि तो पुरता अदृश्य झाला की काम उत्तम ठरते. छंदावरचा नैतिक आक्षेप बहुधा जिनिव्हाच्या वतीने घेतला जातो. जिनिव्हाला वकील आहेत. ज्याच्या कौशल्यावर हा सारा आस्वाद उभा आहे, त्याच्या वतीने आक्षेप घेतलेला क्वचितच आढळतो.

आब्राहाम-लुई ब्रेगे (1747–1823) याच्या घड्याळांच्या नकला त्याच्या हयातीतच इतक्या निघू लागल्या, की 1795 च्या सुमारास त्याने तबकडीवर एक गुप्त स्वाक्षरी कोरण्यास आरंभ केला. ती तिरप्या उजेडातच दिसते. त्या काळातील नकलाही आज जुन्या वस्तू म्हणून विक्रीस येतात, आणि त्यांतील काहींचे काम चांगले असते. सूचीत त्यांच्यापुढे ‘ब्रेगे अशी स्वाक्षरी’ एवढेच लिहिता येते. कर्त्याचा रकाना रिकामा राहतो.