नकारातून घडलेली पेशी

उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्याला तिसऱ्या दिवशी हलक्या हाताने खिडकी पाडली, तर पिवळ्या बलकावर लाल ठिपका धडधडताना दिसतो. ते हृदय. ते ज्याचं, त्या नखाएवढ्या गर्भात मज्जारज्जूची नळी आकार घेत असते. पुढे पाय उचलायचा, पंख फडफडवायचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणारे मोटर न्यूरॉन याच नळीत जन्मतात.

नळीतल्या सगळ्या पेशींची जनुकं तीच. मग मोटर न्यूरॉन कोणी व्हायचं, हे ठरतं कसं? नळीच्या तळाकडून ‘सोनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन पाझरतं. व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून त्याला हे नाव पडलं. तळाशी ते दाट, वर जावं तसं विरळ. त्याचं प्रमाण दोन-तीन पटींनी बदललं तरी पेशीचं भवितव्य बदलतं.

पण असा हळूहळू विरळ होणारा पाझर स्पष्ट सीमा आखू शकत नाही. सीमा आखते ती भांडणातून. मोटर न्यूरॉनच्या पट्ट्यात ऑलिग-२ हे प्रथिन असतं, वरच्या पट्ट्यात आयआरएक्स-३. दोघं एकमेकांची जनुकं दाबतात, म्हणून मधला बांध कोणालाच कोरता येत नाही. त्याहून नवल म्हणजे ऑलिग-२ स्वतः मुख्यतः मनाई करणारं प्रथिन आहे. ते पेशीला ‘तू मोटर न्यूरॉन हो’ असं सांगत नाही. ‘होऊ नको’ म्हणणाऱ्यांची तोंडं तेवढी बंद करतं.

आपण घडणं म्हणजे भर पडणं असं धरून चालतो. इथे घडणं म्हणजे बाकीच्या वाटा बंद होणं. आणि त्या एकदा बंद करून भागत नाही. १९९९ साली, मोटर न्यूरॉनमध्ये या वाटा बंद ठेवणारं एचबी-९ हे जनुक नसलेल्या उंदरांचे गर्भ तपासले गेले. मोटर न्यूरॉन वेळेवर, नेहमीच्याच संख्येने जन्मले होते. पण त्यांच्यात शेजारच्या व्ही-२ चेतापेशींची जनुकं जागी होऊ लागली, आणि स्नायूंकडे निघालेले त्यांचे तंतू वाट चुकले.

पेशीला निवड नसते, म्हणून तिच्यावरून माणसाला उपदेश करण्यात अर्थ नाही. एवढं मात्र दिसतं, की नाकारलेली वाट पुसली जात नाही. शेजाऱ्याची पोथी प्रत्येक पेशीच्या घरात असतेच. ती उघडू न देणारं कोणीतरी जागं असावं लागतं.