तोलामोलाचे घर

कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आठ नावांची एक यादी आहे. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड आणि एमआयटी ही चार खासगी. मिशिगन, इलिनॉय, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क राज्याचे बफेलो ही चार सरकारी. आपल्या प्राध्यापकांना मिळणारा पगार पुरेसा आहे की कमी, हे ते विद्यापीठ अनेक दशके या आठांशी ताडून पाहत आले आहे. यादी वाचताना नजर बफेलोपाशी थोडी अडखळते. हार्वर्डच्या पंगतीत हे कसे, असा प्रश्न पडतो. पण या यादीचा खरा गुण तिच्या जुनेपणात आहे. ती दरवर्षी नव्याने करायची ठरली असती, तर पगारवाढ हवी असलेल्यांनी आधी बफेलोला उठवले असते आणि पगारवाढ टाळायची असलेल्यांनी हार्वर्डला.

लग्न जुळवताना आपल्याकडे ‘तोलामोलाचे घर’ बघतात. सांगणाऱ्याच्या मनातले ते घर त्याच्या स्वतःच्या घरापेक्षा नेहमी एक मजला उंच असते, हे मध्यस्थांना चांगले माहीत असते. विद्यापीठांचेही असेच आहे. अमेरिकेत शिक्षणाची आकडेवारी ठेवणारी केंद्रीय यंत्रणा प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी एक अहवाल पाठवते. त्यात त्या संस्थेचे आकडे इतर काही संस्थांच्या आकड्यांशेजारी मांडलेले असतात. या ‘इतर’ कोण, हे संस्थेने स्वतः कळवायचे. न कळवल्यास यंत्रणा आकार आणि प्रकार पाहून गट ठरवून देते. २०१२ मध्ये ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ने संस्थांनी स्वतः कळवलेल्या नावांची छाननी केली. बहुतेकांची नजर वर होती. निवडलेल्या संस्थांचे विद्यार्थी प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळवणारे, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अधिक, गंगाजळीही अधिक.

यावर तिथल्या जाणकारांनी तोड काढली ती दोन याद्यांची: एक आपल्यासारख्यांची, दुसरी आपण ज्यांच्यासारखे होऊ पाहतो त्यांची. कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षात दुसऱ्या यादीतली नावे हळूच पहिलीत येऊन बसतात, कारण यादी कामाला लागते ती वादात. शुल्क वाढवायचे तर ‘आमच्या तोलाच्या संस्था इतके घेतात’ म्हणता आले पाहिजे. ग्रंथालयाला पैसे हवेत तर श्रीमंत ग्रंथालये शेजारी हवीत. एकाच विद्यापीठातल्या चार विभागांना चार वेगळे शेजारी लागतात, आणि प्रत्येकाजवळ आपला शेजारी निवडण्याचे शास्त्रशुद्ध कारण तयार असते.

पंगतीतून उठवले जाण्याचेही उदाहरण आहे. ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’ ही १९०० मध्ये चौदा विद्यापीठांनी स्थापन केलेली मंडळी. तिथे अर्ज करून जाता येत नाही, बोलावणे यावे लागते. नेब्रास्का विद्यापीठ १९०९ पासून तिथे होते. २०११ मध्ये सदस्यांनी मतदान करून त्याला बाहेर काढले. त्याचे वैद्यकीय केंद्र ओमाहा शहरात, स्वतंत्र कारभाराखाली. म्हणून तिथले संशोधन लिंकनच्या मुख्य परिसराच्या खात्यात धरले गेले नाही. शेती-संशोधनाला मिळणारा बराचसा सरकारी निधी ठरलेल्या सूत्राने येतो, स्पर्धेतून नव्हे; म्हणून त्यालाही वजन नव्हते. शेतकऱ्यांच्या राज्यातल्या विद्यापीठाचे शेतीचे काम तराजूत पडलेच नाही. नेब्रास्का खालावले होते की नव्हते, यावर वाद होऊ शकतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांच्याशी त्याची तुलना झाली त्यांतल्या अनेकांच्या खांद्यावर शेतीच्या कामाचे ते ओझे नव्हतेच.

आपल्याकडे कोणाच्या शेजारी उभे राहायचे ही निवड पहिल्यांदा झाली ती १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यात, आणि ती आपण केली नव्हती. नमुना म्हणून लंडन विद्यापीठ ठरले. ते विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. कंपनी सरकारला हे स्वस्तात पडणारे होते. १८५७ च्या जानेवारीत कोलकाता, जुलैत मुंबई, सप्टेंबरात मद्रास, अशी तीन भावंडे त्या साच्यातून निघाली. पुढे १९०० मध्ये लंडनने स्वतःला शिकवणाऱ्या विद्यापीठात बदलून घेतले. आपणही अध्यापनाचे विभाग काढले, पण संलग्नतेचा डोलारा तसाच ठेवून, किंबहुना वाढवत नेऊन.

या पार्श्वभूमीवर धोंडो केशव कर्वे यांनी १९१५-१६ मध्ये केलेली निवड मला फार धाडसाची वाटते. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तसल्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ऑक्सफर्ड नाही, लंडन नाही, शेजारचे मुंबईही नाही. ज्या देशापुढे आपल्यासारखाच प्रश्न होता, त्या देशाकडे ते वळले: स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या ऐपतीत मुलींना उच्च शिक्षण कसे द्यायचे? या निवडीत दोषही होता. स्त्रियांचे कार्यक्षेत्र वेगळे, म्हणून अभ्यासक्रमही वेगळा, हे गृहीतक जपानहून आयते आले, आणि ते आज कुणी मान्य करणार नाही. सरकारी मान्यतेसाठी कर्व्यांनी काढलेल्या विद्यापीठाला १९५१ पर्यंत थांबावे लागले. पण कर्व्यांनी प्रतिष्ठा पाहून शेजारी निवडला नाही, एवढे नक्की.

आता एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीकडे येऊ. २०१६ पासून ही क्रमवारी निघते. अध्यापन व साधनसामग्रीला तीस टक्के, संशोधनाला तीस, पदवीनंतरच्या फलिताला वीस, सर्वसमावेशकतेला दहा आणि लोकमताला दहा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मराठी मुलुखातले एखादे राज्य विद्यापीठ अनेक वर्षे एकाच रांगेत मोजले गेले. २०२४ मध्ये राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी वेगळी यादी आली. त्या वर्षी तीत पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ तिसरे होते. पुढच्या वर्षी ते अकरावे झाले आणि वर्तमानपत्रांत हळहळ उमटली.

हळहळ योग्यच होती. मंजूर अध्यापक-पदांचा मोठा भाग वर्षानुवर्षे रिकामा ठेवायचा आणि क्रमवारीने खालच्या पायरीवर बसवले की रुसायचे, हे काही खरे नाही. ओझ्याची सबब तिथे चालणार नाही. पण ही वेगळी यादीही किती सारख्यांची आहे? २०२५ मध्ये तिच्या शिखरावर असलेले कोलकात्याचे जादवपूर हे मुख्यतः आपल्या आवारात शिकवणारे विद्यापीठ आहे. पुण्याच्या पदराला पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये बांधलेली आहेत. क्रमवारीच्या अर्जात त्या संलग्न महाविद्यालयांची आकडेवारी विद्यापीठाच्या खात्यात येत नाही. त्यांच्या परीक्षा, निकाल, मान्यता-समित्या हा सगळा व्याप मात्र त्याच कार्यालयाने, त्याच माणसांनी उपसायचा. तराजूत माल एकाचा, हमाली शेकडोंची.



म्हणून तोलामोलाची संस्था शोधताना पहिला प्रश्न विचारावा तो ओझ्याचा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचे ठरवले आणि निकाल महिनोन्महिने रखडले. त्या पावसाळ्यात परदेशी प्रवेश मिळालेली मुले निकालाविना ताटकळत होती. तेव्हा मुंबईने सल्ला कोणाला विचारायचा होता? हार्वर्डला लाखो उत्तरपत्रिका शहरभरच्या केंद्रांतून गोळा करून तपासाव्या लागत नाहीत, आणि मुंबईच्याच आयआयटीलाही नाही. उपयोगाचे उत्तर मिळालेच असते तर ते कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर नाहीतर चेन्नईत.

महाराष्ट्रातल्या बहुतेक अकृषी सार्वजनिक विद्यापीठांना एकच कायदा लागू आहे, २०१६ चा. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा, असे त्यात लिहिले आहे. कोणत्या विद्यापीठाचा निकाल कितव्या दिवशी लागला, फेरमूल्यांकनात किती जणांचे गुण बदलले, संलग्न महाविद्यालयांत किती तास पूर्णवेळ अध्यापकांनी घेतले आणि किती तासिका तत्त्वावरच्यांनी, हे सगळे शेजारीशेजारी मांडता येईल असा याहून सारखा गट शोधून सापडायचा नाही. क्रमवारीत आपण कितवे आलो हे सांगणारे फलक विद्यापीठांच्या प्रवेशद्वारांवर पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतल्या एकावरही निकालाचा दिवस लिहिलेला नव्हता.