अनामत आणि ऋण

वाराणसीत मणिकर्णिकेला लागून असलेला शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधविला. दगडी कामाचा भार पायाला पेलवला नाही. घाट खचला आणि विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते एका बाजूला कललेले असून वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्याखाली असतो. या कलण्याची एक लोककथा सांगितली जाते. कोणा एका पुत्राने आईसाठी हे देवालय उभारले आणि आपण मातृऋणातून मुक्त झालो असे जाहीर केले. त्या उद्गारासरशी देवालय कलले. बांधण्यात दोष नव्हता. दोष होता तो ऋण फिटल्याच्या घोषणेत.

याच शहरातील नरेंद्रनाथ दुबे यांनी ‘अडिग’ हे उपनाम धारण केले आणि निरनिराळ्या निवडणुकांसाठी वर्षानुवर्षे अर्ज भरले. यश आले नाही, पण उपनाम सार्थ ठरले. बरेलीचे कापडाचे व्यापारी काका जोगिंदर सिंग यांना लोकांनीच ‘धरतीपकड’ हे नाव दिले होते. १९९८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी लढविलेल्या निवडणुकांची संख्या तीनशेच्या पुढे गेली होती. १९९२च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना १,१३५ मतमूल्य मिळाले. विजयी झालेले शंकर दयाळ शर्मा यांचे मतमूल्य पावणेसात लाखांच्या वर होते. अशा माणसाकडे पाहून समाज हसतो. त्या हसण्याखाली मात्र एक गंभीर प्रश्न दडलेला असतो : आपण निवडून येणार नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने पुनःपुन्हा उभे राहणे हे नागरिकधर्माचे पालन की लोकशाहीची थट्टा?

राज्यसंस्थेने या प्रश्नाचे उत्तर अनामत रकमेच्या रूपाने दिले आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये लोकसभेच्या उमेदवाराने ५०० रुपये ठेवावयाचे आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ते गमवावयाचे, असा नियम होता. १९९६च्या लोकसभा निवडणुकीत १३,९५२ उमेदवार उभे राहिले. त्यांपैकी १०,६३५ अपक्ष होते, आणि अपक्षांतून निवडून आले अवघे नऊ. त्याच वर्षी अनामत १०,००० रुपये झाली. १९९८ साली उमेदवारांची संख्या ४,७५० वर उतरली. पुढे ही रक्कम २५,००० रुपये करण्यात आली. मतपत्रिका आवाक्यात राहावी, मतदाराचा गोंधळ होऊ नये, हा हेतू अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु अनामत मोजते ती ऐपत, गांभीर्य नव्हे. श्रीमंताचा पोरकटपणा तिच्यातून सहज निसटतो आणि गरिबाची कळकळ तिथेच अडते. लांब यादी म्हणजे थट्टा आणि आखूड यादी म्हणजे गांभीर्य, हे समीकरणही टिकत नाही. वाराणसी मतदारसंघात २०१४ साली ४२ उमेदवार होते आणि २०२४ साली ७; तेवढ्यावरून तेथील लोकशाही सहापट गंभीर झाली असे कोणी म्हणणार नाही.

वारंवार हरणाऱ्याचे समर्थन करताना गीतेतील निष्काम कर्माचा दाखला देण्याचा मोह होतो. फळाची आशा न धरता तो आपले कर्म करतो, मग त्याला दोष का द्यावा? हा युक्तिवाद आकर्षक असला तरी अपुरा आहे. पेरणी, पूजा, अध्ययन ही कर्मे करणाऱ्याच्या ठायी पूर्ण होऊ शकतात. उमेदवारी तशी होत नाही, कारण ती मुळात याचना आहे. तिला समोर दुसरा माणूस लागतो. मतदार गुप्तपणे मत देतो, उमेदवार मात्र उघड्यावर मागतो आणि नकार आला तर तोही चारचौघांत सोसतो. फळाची आशा सोडणे हा त्याचा संयम ठरेल. परंतु ज्याच्यापाशी मागितले त्याच्या उत्तराची पर्वाच सोडणे हा संयम नव्हे, ती उपेक्षा होय.

येथे दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर हे वीज मंडळातील निवृत्त कर्मचारी. २०१९च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत ते वीसहून अधिक निवडणुका हरले होते. तरीही वृद्धापकाळी रस्तोरस्ती पायी हिंडून ते मते मागत राहिले. तमिळनाडूतील मेट्टूरचे टायर-दुरुस्तीचे व्यावसायिक के. पद्मराजन १९८८ पासून उभे राहत आले आणि २०२४ पर्यंत त्यांच्या उमेदवाऱ्यांची संख्या २३८ झाली. आपल्याला जिंकायचे नाही, हरण्यातच समाधान आहे, असे ते मोकळेपणाने सांगतात. सामान्य माणूसही उभा राहू शकतो हे दाखविणे हा आपला हेतू असल्याचेही सांगतात. पहिला मते मागतो, दुसरा मागत नाही. मग पहिला प्रामाणिक आणि दुसरा पोकळ, असा निवाडा करावा काय?

बेळगावचा अनुभव या घाईच्या निवाड्याला अडवितो. १९९६ साली सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. तेव्हाच्या आंध्रातील नलगोंड्यात पाण्यातील फ्लोराइडने पीडलेल्यांच्या वतीने असेच शेकडो अर्ज भरले गेले आणि तेथे उमेदवारांची संख्या ४८० झाली. दोन्ही ठिकाणी मतदान पुढे ढकलावे लागले. त्या शेकडोंपैकी बहुतेकांना जिंकायचे नव्हते; तरीही ती थट्टा नव्हती. अन्य मार्गांनी ऐकू न गेलेले गाऱ्हाणे त्यांनी उमेदवारी अर्जावर लिहिले होते. म्हणजे विजयाची इच्छा नसणे हा दोष नव्हे. कोणाशी तरी बोलणे चालू आहे की नाही, हीच खरी कसोटी.

या कसोटीवर पुनरावृत्तीचा अर्थ उलगडतो. पाच वर्षांनी परत येणाऱ्या उमेदवारासमोरचा मतदार तोच नसतो. काही गेलेले असतात, काही नव्याने सज्ञान झालेले असतात, काहींचे मत पालटलेले असते. त्यांना पुन्हा विचारणे म्हणजे त्यांच्या विचारशक्तीवर विश्वास ठेवणे आहे. मागचा नकार ऐकून, तो का मिळाला हे उमजून घेऊन, पुन्हा दारात उभा राहणारा मनुष्य मतदाराचा सन्मानच करतो. याउलट, उमेदवाऱ्यांची संख्या हेच ज्याचे संचित होऊन बसते, त्याच्या हिशेबातून मतदार नकळत वगळला जातो. मग पराभव हे उत्तर राहत नाही, ती केवळ एक नोंद होते. चिकाटी आणि बहिरेपणा यांतील सीमारेषा इथे आहे. ती बाहेरून दिसत नाही. ज्याची त्यालाच तपासावी लागते.

काका जोगिंदर सिंग आपल्या जप्त झालेल्या अनामतींना राष्ट्राच्या तिजोरीतील आपले अल्पसे योगदान मानीत. या मानण्यात विनोद आहे आणि नम्रताही आहे : त्यांनी योगदान म्हटले, परतफेड म्हटले नाही. अनामतीची पावती मिळते आणि व्यवहार संपतो. नागरिकत्वाच्या ऋणाची पावती कोणी देत नाही, जिंकणाऱ्यालाही नाही. निवडून आलेला प्रतिनिधी ज्या दिवशी ते फिटले असे समजतो, त्या दिवशी शिंदे घाटावरील कथेतला पुत्र आणि तो एकाच पायरीवर येतात. हरणाऱ्याला तसे समजण्याची सोय नसते. निकालानंतर घरी परतताना त्याच्यापाशी विजय नसतो, अनामत नसते. ऋण तेवढे शिल्लक असते. ते शिल्लक आहे याची जाणीव असेल, तर त्याचे पुन्हा उभे राहणे हास्यास्पद म्हणता येणार नाही.