तुकडा चालतो, भुकटी खुपते

नोव्हेंबर 1949. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात अ‍ॅक्रिलिकचे भिंग बसवले. धीर युद्धाने दिला होता. लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षे रुतून राहिल्या, तरी डोळे शांत होते. शरीराला न खुपणारा पदार्थ शोधला की झाले, असा विश्वास त्यातून वाढला.

या विश्वासाला तडा गेला तो खुब्याच्या शस्त्रक्रियेत. जॉन चार्नली यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. कुठल्याच रसायनाला दाद न देणारा, कशाला न चिकटणारा पदार्थ. याहून सोशिक काय असणार? सुमारे 300 खुबे बसले, वेदनेने खिळलेली माणसे चालू लागली. मग काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजलेल्या चुऱ्याभोवती दाह उसळला.

चार्नलींनी पुढचा प्रयोग स्वतःवर केला. टेफ्लॉन आणि नवे, दाट पॉलिथिलीन या दोन्हींची भुकटी त्यांनी आपल्याच मांडीत टोचून घेतली. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठी लागत होत्या, टोचलेल्या भुकटीच्या जवळजवळ दुप्पट. पॉलिथिलीन जेमतेम जाणवत होते. रुग्णांच्या शरीरात जे घडले त्याची इतकी थेट जबाबदारी घेणारे शल्यविशारद विरळाच.

पुढे वाटीसाठी निवडलेल्या पॉलिथिलीननेही आपला हिशेब मागितला. त्याचे सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या संदेशद्रव्ये सोडत राहतात, आणि त्या ओघात आसपासचे हाड विरघळते. म्हणजे पदार्थ तोच, अखंड असताना चालणारा आणि चुरा झाला की छळणारा. रसायनाइतकेच रूपही महत्त्वाचे ठरले.

दरम्यान पेसमेकर बनवणाऱ्यांनी निराळी वाट धरली. तारेच्या टोकाभोवती तंतुमय थर साचला की हृदयाला चेतवायला जास्त वीज लागते. 1983 मध्ये त्या टोकातच एक मिलिग्रॅमहूनही कमी, दाह शमवणारे स्टेरॉइड बसवले गेले. औषध झिरपते ते नेमके जखमेपाशी. बाकीच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती शाबूत राहते.

रूपाचा धागा 2015 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत पुन्हा हाती आला. रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने अल्जिनेट या जेलीसारख्या पदार्थाचे गोळे प्राण्यांत रोपले. अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्यांना शरीराने तंतूंत गुंडाळले. दीड मिलिमीटरचे बरेच मोकळे राहिले. त्या मोठ्या गोळ्यांत ठेवलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडपेशींनी मधुमेही उंदरांची साखर जवळपास सहा महिने सांभाळली. लहान गोळे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही टिकले नव्हते.

पेशींना आत जपणारी अशा गोळ्यांची कवचे माणसांपर्यंत पोचावीत, ही निकड खरी आहे. अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेल्या दात्याच्या स्वादुपिंडपेशींच्या उपचारात पेशी उघड्याच सोडल्या जातात, आणि त्या जगाव्यात म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात.