आधी विहीर

समुद्राजवळचं एखादं लहान, शांत गाव बघावं आणि तिथेच राहावं. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या किती जणांच्या मनात ही इच्छा असेल! नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे उतरून निर्मळच्या पुढे गेलं की कळंब येतं. वाड्या, मग सुरूची झाडं, मग समुद्र. पाहायला आलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहतो आणि मनातल्या मनात घर बांधून टाकतो.

त्याचे प्रश्न ठरलेले असतात. समुद्र किती जवळ, स्टेशन किती लांब, रात्री आवाज कितपत. वाडी कसणारा माणूस आधी विचारील, विहिरीला पाणी कसं आहे?

किनाऱ्यालगतच्या जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं असतं. ते खाऱ्यावर तरंगून राहतं. भूजलाचा एक ठोकताळा आहे: वरची पातळी एक फूट उतरली, की तळची खाऱ्याची हद्द कालांतराने जवळजवळ 40 फूट वर सरकते. म्हणून बेताने उपसलं तर विहीर गोड राहते. हावेने उपसलं तर खारट होते, आणि मग ती पुन्हा गोड व्हायला कित्येक पावसाळे लागतात. रहाटाला हा बेत आपोआप साधायचा. बैल थांबला की विहिरीलाही उसंत मिळायची. मोटार थकत नाही.

कळंब ज्या वसईत येतं, तिथली केळी, मोगरा, भाजीपाला, सगळं या पाण्यावर पोसलं. टँकर भरभरून ते बाहेर जाऊ लागलं, तेव्हा वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरची माणसं ‘हरित वसई’ म्हणत रस्त्यावर उतरली. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावं वगळा म्हणून पुन्हा आंदोलन झालं. आपल्याला शांत दिसणाऱ्या गावाने ती शांतता राखण्यासाठी घोषणा दिल्या आहेत, मार खाल्ला आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

शांतता आयती सापडते, असं आपण धरून चालतो. ती कुणीतरी जपलेली असते. आणि राहायला येणारा प्रत्येक जण तिच्यातून थोडी उपसतोच. मीही उपसणार. प्रश्न बेताचा आहे.

कळंबला घर बघायचं असेल तर पावसाळ्यानंतरच्या हिरवाईत जाऊ नये. मे महिन्यात जावं. पोहऱ्याने पाणी काढून चाखावं. शेजारच्या वाडीत पाणी कधी सोडतात ते विचारावं. आणि गवंड्याला पहिल्याच दिवशी विचारावं, छपरावरचं पाणी विहिरीपर्यंत कसं न्यायचं.