उपदेशाचे सत्य आणि उपदेशकाचा आचार

शिकविणारा जे सांगतो ते सत्य आहे, परंतु तो स्वतः त्याप्रमाणे वागत नाही. अशा वेळी शिकणाऱ्याच्या पदरी काय पडते? हा प्रश्न जुना आहे. तरीही त्याचा पुन्हा विचार करणे अगत्याचे वाटते. समता, सत्यनिष्ठा, श्रमाविषयीचा आदर ही मूल्ये रुजविण्याचे काम आपण शाळेवर सोपविले आहे, आणि ती रुजत नाहीत ही तक्रारही आपणच करीत आहोत.

यावर पूर्वपक्ष असा केला जातो की, वचनाचे सत्य वक्त्याच्या आचारावर अवलंबून नसते. वैद्य स्वतः पथ्य पाळीत नाही म्हणून त्याच्या मात्रेचा गुण जात नाही. पंतोजी उधळ्या असला तरी त्याने शिकविलेला व्याजाचा हिशेब चुकत नाही. मग समतेचा पाठ देणाऱ्याने भेद पाळला, तर पाठ कसा खोटा ठरेल?

हा पूर्वपक्ष गणिताच्या बाबतीत मान्य करावाच लागतो. मूल्यांच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. हिशेबाचा विषय संख्या आहे. समतेचा विषय माणसांचा परस्परसंबंध आहे, आणि असा संबंध शाळेत दर क्षणी प्रत्यक्ष चालू असतो. कोण कोठे बसतो, पाणी कोण भरतो, कोणाला नावाने हाक मारली जाते आणि कोणाला जातीने किंवा गावाने, हे सारे मूल पाहत असते. शिक्षकाच्या तोंडी एक आणि व्यवस्थेत दुसरे असे असेल, तर मूल काहीच शिकत नाही असे नव्हे. ते एक तिसरीच गोष्ट शिकते : अशी वाक्ये उत्तरपत्रिकेत लिहावयाची असतात, वागण्याशी त्यांचा संबंध नसतो. ही शिकवण फार पक्की बसते. पुढे तेच मूल सरपंच होते, अधिकारी होते, आणि व्यासपीठावर सुंदर भाषण करून घरी जुन्याच रीतीने वागते. त्याला आपण ढोंगी म्हणतो. वस्तुतः तो आज्ञाधारक विद्यार्थी असतो.

महाराष्ट्रातील ज्या शिक्षकांनी समाज खरोखर हलविला, त्यांनी हे मर्म ओळखले होते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत अशी मागणी आहे. लोकांत सहज मिसळणारे, आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यास न लाजणारे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तथापि त्याहून मोठा धडा मी १९१९ सालच्या आज्ञेत पाहतो. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घ्यावीत, अशी ती आज्ञा होती. वेगळ्या शाळेत समतेचा पाठ कितीही चांगला दिला, तरी शाळेची भिंतच त्याचे खंडन करीत होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्यासारखे आहे. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले तरी माघार घेतली नाही. पुढे १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. येथे नाना जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवीत, आणि संस्थेची कामे स्वतः करीत. महात्मा गांधींनी १९२७ साली या वसतिगृहाला भेट दिली व त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. धान्याची चणचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या होत्या. अशा माउलीच्या हातचे अन्न एका पंगतीत खाणाऱ्या मुलाला समतेची व्याख्या कोणी सांगितली नसेल तरी चालले असते.

येथे दुसरी शंका उपस्थित होते. मग वचनाची गरजच काय? केवळ आचार पुरेसा नव्हे काय? नव्हे. विचाराविना आचार ही सवय असते, आणि सवय स्थान बदलले की सुटते. वसतिगृहात सर्वांबरोबर जेवलेला मुलगा गावी परतला आणि तेथे निराळी पंगत मांडलेली दिसली, तर आपण कोठे बसावे व का, हे त्याला सवय सांगणार नाही. आपल्या शास्त्रात आचाराइतकीच विचाराला जागा आहे ती याचमुळे. महदाइसा सतत प्रश्न विचारीत, आणि सर्वज्ञांनी त्यांची जिज्ञासा कधी मोडली नाही, हे वाचकांस ठाऊक आहेच.

विचार आणि आचार एकाच निर्णयात कसे भेटतात, हे नागदेवाचार्यांच्या ठायी दिसते. केशोबास संस्कृतात पारंगत. त्यांनी संस्कृतात रचना करू नये, असे आचार्यांनी सांगितले, कारण त्यामुळे साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. पंडित शिष्याच्या गौरवापेक्षा अशिक्षित शिष्येची सोय मोठी मानणे, हाच तेथे समतेचा पाठ झाला. पुढे चौदाव्या शतकात याच संप्रदायाचे ग्रंथ सकळ लिपीत गेले, आणि त्या लिपीची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्या हाती लागेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला ते बंदच राहिले. पावित्र्य व रक्षण ही कारणे मी नाकारीत नाही. परंतु म्हाताऱ्यांसाठी मराठीत राखलेले धन मराठी माणसालाच वाचता येऊ नये, हे शिक्षक म्हणून मला बोचत आले आहे.

असो. दुसऱ्यांची उदाहरणे देऊन स्वतः सुटावे, असे होऊ नये. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका पाठशाळेत शिकवीत असे. मुलांच्या कामांच्या पाळ्या मीच लावीत होतो. एके दिवशी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, “बाबा, माझी पाळी स्वयंपाकघरात कधी येणार?” मी “येईल” म्हणालो. रात्री पत्रक पाहिले. तो आणि आणखी दोघे कित्येक महिने झाडलोट व शेणगोठा एवढेच करीत होते. तिघेही ज्या वस्तीतून आले होते ती माझ्या मनात कोठेतरी नोंदलेली होती, आणि लेखणीने ती पाळली होती. मी मात्र त्याच आठवड्यात सर्व जीवांच्या सारख्या अधिकारावर निरूपण केले होते. मुद्दाम केले नाही, ही सबब मला तेव्हाही पुरेशी वाटली नाही. तरीही पत्रक बदलण्यास मी महिना घालविला, कारण बदलले तर चूक दिसेल! तोवर त्या मुलाचा बाप त्याला ऊसतोडीला घेऊन गेला. तो परत आला नाही.

तेव्हा, आचार सदोष असलेल्या शिक्षकाने शिकविणेच सोडावे काय? तसे केले तर पाठशाळा ओस पडतील. मला सुचलेले उत्तर इतकेच होते की, दोष लपवून शिकवू नये. मी ते पत्रक वर्गात नेले आणि चूक सांगितली. मुले गप्प राहिली. मग एकाने विचारले, “बाबा, मग उद्यापासून शेणगोठा कोणाकडे?” त्या दिवशीचे निरूपण राहिले, आणि त्या प्रश्नावर मुले दुपारच्या घंटेपर्यंत बोलत होती.